अमेरिकेहून आलेला पाहुणा

स्टाव्हांगर, नॉर्वे
९ सप्टेंबर १९८४

ती. मॅव्हिसआत्यास,

एल्डनचा सा. न. वि. वि. आणि वर एक जास्तीचा नमस्कार, कारण पत्राला महिना उशीर झालाय आणि तू रोज दारातली पेटी उघडून मला शिव्या घालत असणार.

मी धडधाकट आहे. जेवतो, झोपतो, मोजे धुतो. ऑफिसात समुद्राखालच्या तेलाच्या नळांची ड्रॉइंग्ज काढतो, साहेब ती लाल पेन्सिलीने खोडतात, मी पुन्हा काढतो. तिकडे अमेरिकेत, टकोमाला राहूनही हेच केलं असतं. पण शुक्रवारी चार वाजले की इथली माणसं अशी पळतात, जणू इमारतीला आग लागलीय. मीही पळायला शिकलो. शेजारच्या टेबलावर फर्गस नावाचा स्कॉटिश माणूस बसतो आणि नकाशांच्या खोलीत इंगुन. ती इथलीच. शनिवार-रविवार कुठे जायचं ते इंगुन ठरवते, आम्ही फक्त पिशव्या उचलतो. पहिल्या आठवड्यात एका कड्यावर नेलं. खाली सहाशे मीटर थेट पाणी. मी पोटावर पालथा पडून कडेला डोकं काढलं, तर इंगुन म्हणाली की अमेरिकन लोक सरपटतात हे तिला ठाऊक नव्हतं. मग बोटीने न्यूकॅसलला गेलो. बोट लागणार नाही अशी शपथ घेणारा फर्गस जाता-येता दोन्ही वेळा बादली धरून बसला. परवा वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. त्या पाण्यात जे पोहतात त्यांना मी माणसांत धरत नाही. इंगुन पोहली.

मी राहतो ते जुन्या वस्तीतलं पांढरं लाकडी घर आहे, वरची खोली माझी. घरमालकीण बोर्गहिल्ड त्वाइट, वय शहात्तर, एकटी. वीस वर्षं सार्डिन माशांच्या कारखान्यात डबे भरले. बोटं वाकडी झालीत, पण वॅफल असं करते की तू तुझ्या पॅनकेकांचं नाव काढणार नाहीस. पहिल्या दिवशी तिने मला अमेरिकेत कुठला ते विचारलं. मी सांगितलं. ती उठून कपाटातून एक पोस्टकार्ड घेऊन आली. सिअ‍ॅटलचं बंदर, १९६१ सालचं. तिचा मुलगा तिकडे आहे, तोर्लाइफ. मला कधी भेटला का, असं विचारत होती. मी हसलो आणि माझ्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये म्हणालो की अमेरिका फार मोठी आहे. ती हसली नाही. कार्ड जागेवर ठेवलं आणि माझ्या ताटात आणखी एक वॅफल वाढलं.

तुझ्या गुडघ्याचं लिही. बसमधली पोरं छळतात का तेही लिही.

माया आटू देऊ नकोस.
तुझा,
एल्डन


टकोमा
२५ सप्टेंबर १९८४

चि. एल्डनला अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, आणि इंगुन हे नाव चार वेळा मोजलं. मी काही विचारत नाही. विचारलं की तू लिहायचा थांबतोस, हे मला तुझ्या शाळेपासून माहीत आहे.

गुडघा आहे तसाच. बस चालवताना दुखत नाही, चर्चमध्ये उभं राहताना दुखतो, त्यावरून तुझे काका असते तर काय म्हणाले असते ते तूच समज.

आता एक गोष्ट रागाने लिहिते. तू त्या बाईला हसलास ते मला आवडलं नाही. अमेरिका मोठी असेल, पण सिअ‍ॅटल माझ्या दारापासून तासाभरावर आहे, आणि तिथल्या बॅलर्डच्या धक्क्यावर निम्मे कोळी नॉर्वेचेच आहेत. आईने मुलाचं नाव विचारलं तर निदान लिहून तरी घ्यायचं. त्याचं वय, खूण, जे असेल ते कळव. शनिवारी मला काम नसतं.

कड्यावरून डोकं काढत जाऊ नकोस. मला एकच भाचा आहे.

आहे तसाच माझा राहा.
मॅव्हिसआत्या


स्टाव्हांगर
२८ ऑक्टोबर १९८४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कान धरले. इंगुनचं नाव या पत्रात कमी येईल.

मागच्या आठवड्यात आम्ही कोपनहेगनला जाऊन आलो. एका खोलीत तिघं, फर्गसचं घोरणं हे चौथं. जी बाग बघायला गेलो ती हिवाळ्यासाठी बंद, म्हणून बंद फाटकासमोर उभं राहून सॉसेज खाल्ले. परतीची गाडी माझ्यामुळे चुकली, कारण मी एका पुलावर उभा राहून इंगु... बघ, लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मी आनंदात आहे एवढंच.

पण बोर्गहिल्डबाईंचं काहीतरी बिनसलंय. कॉफी दिली की पाच मिनिटांत पुन्हा कॉफी आणतात. साखरेचं भांडं मला ओव्हनमध्ये सापडलं. आणि मला यूस्टाइन म्हणतात. मला वाटलं भाडेकरूला इकडे तसं म्हणत असतील. इंगुनने सांगितलं की ते नाव आहे.

कोपनहेगनहून आलो तेव्हा त्या खिडकीत बसल्या होत्या. वाईट वाटलं. म्हणालो, पुढचा रविवार तुमचा, कुठे जायचं सांगा. क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, क्वित्सॉय. त्यांचं जन्माचं बेट, बोटीने तासाभराचं. रविवारी सकाळी सातलाच टोपी घालून, गळ्याशी चांदीचं पदक लावून जिन्याखाली उभ्या. बोटीत इतक्या खुशीत होत्या, आत्या! प्रत्येक खडकाचं नाव सांगत होत्या. कुठल्या खडकावर कोणाचा नवरा दारू पिऊन झोपला तेही सांगितलं. मग बोट धक्क्याला लागली, फळी टाकली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. मी म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, अजून दोघं आले नाहीत. पुन्हा पुन्हा तेच. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्यांना ओळखलं. त्याने मला खुणेने बाजूला नेलं आणि सांगितलं की बसू दे, उतरवू नकोस.

त्याच्याकडून कळलं ते असं. त्यांचा नवरा लवकर गेला. दोन मुलगे होते, थोरला तोर्लाइफ आणि धाकटा यूस्टाइन. छप्पन सालच्या ऑक्टोबरात दोघं शेवंडांचे पिंजरे उचलायला गेले आणि थोरला एकटाच बोट घेऊन परत आला. धाकटा सतरा वर्षांचा होता. तो सापडलाच नाही. पुढच्या वसंतात तोर्लाइफ अमेरिकेला गेला, बाई शहरात कारखान्यात गेल्या, आणि तेव्हापासून त्यांनी त्या बेटावर पाय ठेवलेला नाही.

बोट परत निघेपर्यंत आम्ही बसून राहिलो. घरी पोचल्यावर टोपी न काढता त्यांनी मला विचारलं की आपण क्वित्सॉयला कधी निघायचं.

तोर्लाइफ त्वाइट, आता पन्नाशीचा असेल. डाव्या हाताची करंगळी नाही, लहानपणी दोरात गेली. शोध, आत्या. त्या दिवशी हसलो याची मला लाज वाटते.

लोभ आहेच, तो वाढो.
एल्डन


टकोमा
२० नोव्हेंबर १९८४

चि. एल्डनला अ. उ. आ.

सापडला.

पण आनंदाने उडी मारू नकोस, आधी पूर्ण वाच.

पहिल्या शनिवारी धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, तोर्लाइफ कोण माहीत नाही, जाळी विणणारा टॉम आहे, मागच्या शेडमध्ये. गेले. उंच, वाकलेला माणूस, डाव्या हाताला चार बोटं. मी तुझं आणि त्याच्या आईचं नाव घेतल्याबरोबर म्हणाला की मी चुकीच्या माणसाकडे आलेय. पाठ फिरवून विणायला लागला. मी तिथेच उभी. मग त्याने दिवा बंद केला, तेव्हा निघाले.

दुसऱ्या शनिवारी ओव्हनमध्ये भाजलेला गोड ब्लॅकबेरी-पाय घेऊन गेले. हाकलून देणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी दिलं की त्याला हाकलता येत नाही. उभ्यानेच खाल्ला. बोलला नाही, पण बसायला एक पिंप सरकवलं. त्याने मला सुईत दोरा कसा भरायचा ते दाखवलं. दोन तास मी सुया भरत होते.

तिसऱ्या शनिवारी आपणहून बोलला. लाट आडवी आली, बोट कलली, यूस्टाइन पाण्यात पडला. याने त्याचा स्वेटर धरला होता. त्यांच्या आईनेच विणलेला. तो स्वेटर डोक्यावरून निघून याच्या हातात राहिला. तो घेऊनच हा धक्क्याला लागला. आई तिथे उभी होती. तिने स्वेटर बघितला, याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, दोघांतला एकच यायचा होता, तर तू का आलास?

त्यानंतर हिवाळाभर ती याला जेवायला वाढायची, कपडे धुवायची, सगळं करायची. ते वाक्य पुन्हा कधी बोलली नाही, आणि ते मागेही घेतलं नाही. वसंतात हा निघाला. चार-पाच वर्षं कार्डं पाठवली, जिवंत आहे एवढं कळावं म्हणून. पत्ता घातला नाही, कारण उत्तराची भीती वाटायची. लग्न केलं नाही. मला म्हणाला, तिचं काही चुकलं नाही, मीही स्वतःला तेच विचारतो. आणि शेवटी म्हणाला की मी सापडलो हे तिला कळवू नका.

एल्डन, मी एरवी गप्प बसणारी बाई नाही हे तू जाणतोस. त्या दिवशी मी गप्प बसले. घरी येताना रस्त्याकडेला गाडी लावून थोडा वेळ थांबावं लागलं.

काय करायचं ते मला समजत नाही. तू तिला काही सांगू नकोस. त्याला शब्द दिलाय.

जपून राहा, आणि मला विसरू नकोस.
मॅव्हिसआत्या


स्टाव्हांगर
१७ डिसेंबर १९८४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा फाडलं.

नोव्हेंबरभर मी कुठे गेलो नाही. शनिवार-रविवार बाईंबरोबर असायचो. बटाटे सोलायचो, फिरायला न्यायचो, शेगडी बंद आहे का बघायचो. फर्गस मला आजीबाई म्हणून चिडवायला लागला. इंगुन एकदा खूप तोडून बोलली. म्हणाली, तू जूनमध्ये निघून जाणार. आमच्या म्हाताऱ्या बायकांचा नातू व्हायला तुला कोणी बोलावलंय? चोवीस वर्षांचा आहेस, तसा वाग. मला राग आला, कारण मलाही मनातून तेच वाटत होतं. इंगुन-फर्गसबरोबर बर्गनला जायचं ठरवलं. शेजारच्या बाईंना बघत जा म्हणून सांगून ठेवलं.

बर्गनमध्ये खूप मजा आली, आत्या, आणि तेच लिहवत नाही. पाऊस, गर्दी, सगळीकडे नाताळचे दिवे. मी इंगुनबरोबर नाचलो. दोन दिवसांत बाईंची एकदाही आठवण आली नाही.

शनिवारी सकाळी, शेजारीण दुकानात गेली असताना, त्या घरातल्या चपलांवर बाहेर पडल्या. क्वित्सॉयच्या बोटीच्या धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. गारठा, वर बर्फाचा पाऊस. तीन बोटी आल्या आणि गेल्या. लोकांना वाटलं, कोणाची तरी वाट बघतायत. ते खोटंही नव्हतं. तिसऱ्या बोटीवर तो म्हातारा खलाशी होता, त्याने त्यांना उचलून गाडीत घातलं. पायाची दोन बोटं गेली, छातीत कफ भरला. आता ताप उतरलाय, पण डॉक्टर म्हणतात की घरी एकटं ठेवता येणार नाही. शुश्रूषागृहात जागा मिळालीय. खिडकीतून समुद्र दिसतो. त्या खिडकीकडे पाठ करून बसतात.

इंगुन म्हणते तिची चूक, मी म्हणतो माझी. दोघांपैकी कोणी दुसऱ्याची समजूत घालत नाही.

आणखी एक कबूल करतो. मी तोर्लाइफने लिहिल्यासारखं एक खोटं पत्र लिहिलं. दोनच ओळी, मी ठीक आहे, माझा तुझ्यावर राग नाही. इंगुनने भाषा सुधारून दिली. ते घेऊन पलंगाजवळ बसलो. वाचायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, तू कोण रे बाळा? यूस्टाइन म्हणाल्या असत्या तर कदाचित वाचलं असतं. मी कागद खिशात घातला.

तू शब्द दिलायस हे मला माहीत आहे. पण तो शब्द आईला न सांगण्याचा आहे, त्याला न सांगण्याचा नाही. त्याला सगळं सांग. धक्क्याचंही.

तुझा,
एल्डन

नाताळच्या शुभेच्छा लिहायच्या राहिल्या. मनातून आहेत.


टकोमा
१२ फेब्रुवारी १९८५

चि. एल्डनला अ. उ. आ.

इतके आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्याजोगं काही नव्हतं. आता आहे.

आधी तुझ्याबद्दल. चोवीस वर्षांच्या मुलाने नाताळात नाचायलाच पाहिजे. यावर मी आणखी काही ऐकून घेणार नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. धक्क्याचं आलं तेव्हा त्याचा हात थांबला. मग म्हणाला, तिला काही आठवत नसेल तर बोललेलं मागे कोण घेणार? आणि आठवत असेल तर ते पुन्हा ऐकायला मी कशाला जाऊ? मी भांडले. म्हणाले, ती आठवून नाही, विसरूनच तिथे गेली, आणि विसरूनही दोघांचीच वाट बघत होती, एकाची नाही. त्याने मला एकच विचारलं, हाक कोणाला मारते? खोटं बोलले असते तर सोपं झालं असतं. मी म्हणाले, यूस्टाइनला. त्याने जाळं खाली ठेवलं आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी आणलेला ब्लॅकबेरी-पाय पिंपावर ठेवून घरी आले. वाटलं, संपलं. त्यानंतर पाच शनिवार गेलेच नाही.

काल दुपारी बस लावून उतरते तर डेपोच्या फाटकाशी हा. दाढी केलेली, अंगात नवा कोट, त्याच्या बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच. मी ती दातांनी तोडली. म्हणाला, पासपोर्ट तयार आहे, सत्तावीस तारखेचं, बुधवारचं विमान आहे, आणि विमानतळावर कसं जायचं ते माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं सिअ‍ॅटलमध्ये राहून याला विमानतळ माहीत नाही!

मी सोडणार आहे. आईला आधी काय म्हणायचं असं मला विचारत होता. तुला सुचलं तर बघ.

त्याला घ्यायला जा. त्याला कॉफी कडक लागते.

सांभाळ.
मॅव्हिसआत्या


स्टाव्हांगर
३ मार्च १९८५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू वाट बघत असशील, म्हणून हवापाणी सोडून थेट सांगतो.

विमानतळावर मी आणि इंगुन गेलो होतो. तिने तिच्या वडिलांची गाडी आणली होती. तोर्लाइफ मागे बसला आणि शहर येईपर्यंत काचेला कपाळ लावून बघत राहिला. एकदाच बोलला, कारखान्यांची धुराडी कुठे गेली म्हणून. त्या दिवशी तो शुश्रूषागृहात गेलाच नाही. दारापर्यंत आला आणि म्हणाला, उद्या. उद्याचे तीन दिवस झाले. इंगुन काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला.

चौथ्या दिवशी, रविवारी, वॅफलच्या वेळेला गेलो. बाई खुर्चीत होत्या, केस विंचरलेले, चांगल्या तरतरीत. मी म्हणालो, अमेरिकेहून पाहुणे आलेत. आत्या, मी तेवढंच म्हणालो, कारण मला पुढचं म्हणता येईना, आणि तोर्लाइफलाही येईना. त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या म्हणाल्या, बसा ना, उभे का, कॉफी घ्या. एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तसं. त्याने टोपी हातात धरली होती, ती गुडघ्यावर ठेवून बसला. डावा हात टोपीखाली होता.

त्याने काहीतरी प्रवासाचं सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, अमेरिकन असून आमच्या बेटासारखंच बोलता की, कोणी शिकवलं? तो म्हणाला, आईने. त्या म्हणाल्या, शहाणी बाई. मी कॉफी ओतत होतो, ती बशीत सांडली.

मग त्या आपणहून सांगायला लागल्या. आवाज अगदी साधा, शेजारणीला सांगावं तसा. मला दोन मुलगे. धाकटा समुद्रात राहिला. थोरला तुमच्याकडे आहे, अमेरिकेत. तो पत्ता कळवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मी त्याला एक वाईट बोलले होते. आईने बोलू नये असं. तो थंडीने काकडत उभा होता, आणि मी ते बोलले. हिवाळाभर रोज ठरवायचे की आज म्हणेन, तसं नव्हतं रे. तो ताट पुढे करायचा, मी वाढायचे, आणि ते राहून जायचं. मग तो गेला.

त्या थांबल्या. मला वाटलं, धागा तुटला. पण त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, तुम्ही तिकडचे. अमेरिका मोठी आहे, या मुलाने मला सांगितलंय. तरी कधी गाठ पडलीच तर त्याला सांगाल का, की तो परत आला तेव्हा मला आनंद झाला होता? एकाचं दुःख इतकं होतं की दुसऱ्याचा आनंद मला दिसला नाही. पण होता. एवढं सांगा.

तोर्लाइफ म्हणाला, सांगतो.

त्यांनी त्याला वॅफल वाढलं आणि तो खात राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही. त्या मला हळूच म्हणाल्या, पाहुण्यांना सर्दी झालीय, खिडकी लाव.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं की तूच तोर्लाइफ आहेस हे का नाही सांगितलंस. तो म्हणाला, मी सांगितलं असतं तर ती हे बोलू शकली नसती. आणि मग इंगुनच्या वडिलांच्या गाडीला टेकून असा रडला की इंगुनने जाऊन त्याला धरलं. मी रस्त्यातच त्याची टोपी घेऊन उभा राहिलो.

फर्गसने ईस्टरला रोमला जायचं ठरवलं होतं. मी नाही म्हणालो. तो रागावला नाही. म्हणाला, आजीबाई, रोम कुठे पळत नाही.

आत्या, इतके महिने मला वाटायचं की मी शनिवार-रविवारी युरोप बघतोय.

आशीर्वाद असू दे.
एल्डन


स्टाव्हांगर
१२ मे १९८५

श्रीमती मॅव्हिस प्रुइट यांस,

तोर्लाइफ त्वाइटचा नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्यावं. आईला कार्डं लिहायचो त्यात तीनच शब्द असायचे.

आई दोन तारखेला सकाळी गेली. कॉफी पिताना. त्रास झाला नाही असं नर्स म्हणाली. पाच तारखेला तिला क्वित्सॉयला नेलं. एल्डन, इंगुन, तो स्कॉटिश आणि मी अशा चौघांनी तिला बोटीतून उतरवलं. बेटावरची बरीच माणसं धक्क्यावर आली होती. मला वाटलं होतं, माझ्याकडे कोणी बघणार नाही. पण एकेकाने येऊन हात धरला. यूस्टाइनच्या नावाचा दगड तिथे आहे, खाली काही नाही. त्याच्या शेजारी तिला ठेवलं.

एल्डनने तुम्हाला पहिल्या दिवसाचं लिहिलंच असेल. त्यानंतर मी रोज जात होतो. ती रोज मला पाहुणा म्हणून बसवायची, आणि बहुतेक दिवशी तोच निरोप सांगायची. मी रोज म्हणायचो, सांगतो. काही दिवशी तिला निरोप आठवायचा नाही, नुसतं हवेचं बोलायची. त्या दिवशीही मी बसून राहायचो. दोन महिने मिळाले. अठ्ठावीस वर्षांच्या मानाने ते काहीच नाही, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ आहेत.

एक सांगायचं आहे, ते मी एल्डनलाही सांगितलेलं नाही. एप्रिलच्या शेवटी एक दिवस तिने निरोप सांगितला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मला तो भेटला, मी निरोप पोचवला. ती एकदम सरळ बसली. विचारलं, काय म्हणाला? बाई, तो काय म्हणेल याचा मी आयुष्यभर विचार केला होता. धक्क्यावर जाळी विणताना तेवढाच विचार केला. आणि त्या वेळी एक शब्द आठवेना. मी म्हणालो, तो म्हणाला, घरी येतोय.

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. माझ्या डाव्या हाताकडेही बघितलं, असं मला वाटतं, पण खात्री नाही. मग पहिल्यांदाच खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. म्हणाली, त्याला सांगा, घाई करू नकोस. वारा पडला की मग निघ.

मी म्हणालो, बरं.

सध्या मी तिच्याच घरात राहतो, खालच्या खोलीत. बॅलर्डला परत यायचं की नाही ते ठरलेलं नाही. माझ्या शेडची किल्ली कॉफीच्या दुकानात आहे. एक जाळं अर्धं राहिलंय, ते कोणाला तरी द्या. तुमच्या भाच्याला आणि इंगुनला मी काल जबरदस्तीने डेन्मार्कच्या बोटीत बसवलं. दोघं माझ्याभोवती नर्ससारखी फिरत होती. जाताना वाद चालला होता, बोट कोणाला लागते यावरून. मुलगा चांगला आहे. जूनमध्ये परत येईल असं दिसत नाही, तेव्हा तुम्ही मनाची तयारी ठेवा.

त्या ब्लॅकबेरी-पायबद्दल मी तुमचे आभार मानले नव्हते. आता मानतो.

ओळख ठेवावी, ही विनंती.

आपला,
तोर्लाइफ त्वाइट

पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे.